न वसलेल्या नगराचा दवाखाना

अण्णा, मंगळवारी मी तुमच्या नवनगरात जाऊन आले. तुम्हाला देवाघरी जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि ज्या नगराची एक वीटही कधी रचली गेली नाही, ते मोबाईलच्या नकाशावर अजून आहे, मानकोलीच्या पुढे, खाडीच्या अंगाला. मी हल्ली पूर्णा गावातल्या एका गोदामात आहे, कुठली गाडी कुठे जाणार ते बघते. कुणा गिऱ्हाइकाने पत्ता भरताना चुकीचं नाव निवडलं आणि आमचा ड्रायव्हर तिथे जाऊन उभा राहिला. "मॅडम, यहाँ तो सिर्फ घास है," तो फोनवर सांगत होता, "नगर किधर है?" त्याने नाव वाचून दाखवलं आणि मी लगेच माझ्या मोबाईलवर नकाशा उघडला.

तुम्ही ठाण्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन, आणि काम उरलं की रविवारी घरी आणायचात. नवनगराच्या नकाशाचा एवढा मोठा कागद पसरायला भिवंडीच्या आपल्या दोन खोल्यांत स्वयंपाकघराची फरशीच काय ती होती. चार कोपऱ्यांवर आईचे चार डबे. शेजारच्या कापडाच्या लूमने फरशी सारखी थरथरायची, म्हणून दुपारी शिफ्ट बदलताना ती खटखट थांबली की तेवढ्यात तुम्ही शाईची रेघ ओढून घ्यायचात. आई साडी सावरत कागद ओलांडते आहे आणि म्हणते आहे, "तुमच्या गावात माझी शेगडी कुठे ते सांगून ठेवा." तुम्ही हसता, पण मान वर करत नाही. रद्द झालेल्या एका प्रतीवर मी हिरव्या पेन्सिलीने बागा रंगवत बसायची. शाळा कुठे, बाजार कुठे, दवाखाना कुठे, मला सगळं पाठ होतं. भिवंडीतले रस्ते नव्हते इतके पाठ.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला जागा दाखवायला नेलंत. भाताची कापणी झालेली, खारा वारा. एका घरी पाणी मागितलं, तर घरच्या तरण्या बाईने पाण्याबरोबर तांदळाची भाकरी आणि भाजलेले सुके बोंबील पुढे ठेवले. तुम्ही नगराचा नकाशा काढता हे कळल्यावर तिने विचारलं, "साहेब, माजा घर ऱ्हातंय का न्हाय?" तुम्ही घास चावत राहिलात, आणि मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, "तुमच्या घरावर दवाखाना आहे!" परतीच्या वाटेवर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "कागदावरचं असं माणसाच्या तोंडावर फेकायचं नसतं. आपण तिची भाकरी खाल्ली ना?" तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण ते वाक्य मला माराहून लागलं.

पुढच्या रविवारी तुम्ही अर्ध्या ब्लेडने मूळ कागदावरची शाई खरवडलीत आणि दवाखाना दोन बोटं बाजूला, पडीक जमिनीवर नेलात. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर काही दिवसांनी तिच्या घराच्या जागी कागदाला भोक पडलेलं दिसलं. मग मूळ नकाशा खराब केल्याचा कचेरीतून मेमो आला, तुमचं टेबल गेलं, आणि निवृत्तीपर्यंत तुम्ही रेकॉर्डच्या खोलीत फायली लावत बसलात. घरी रविवारी पुन्हा कधी कागद पसरला गेला नाही. आई विचारायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, "हात चुकला." मी मात्र इतकी वर्षं धरून चालले होते, की माझ्या तोंडामुळे तुम्ही तो दवाखाना हलवलात, आणि माझ्या तोंडामुळे तुमचं टेबल गेलं.

ड्रायव्हरला दुसरा पत्ता दिला आणि जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून तिथे गेले. गवताच्या पलीकडे तिन्ही बाजूंनी गोदामांचे निळे पत्रे आणि मधे ते घर. ती बाई ओट्यावर बसली होती, केस पांढरेशुभ्र. मी नकाशावाल्या साहेबांची मुलगी म्हटल्यावर तिने मला नीट न्याहाळलं. "ती तोंडाळ पोरगी? तूच का?" मग सून चहा करत असताना तिने सांगितलं, जे तुम्ही आम्हाला कधीच सांगितलं नाहीत. "तुजा बाप परत आलता, एकटा. मना बोलला, बाय, तुजा घर वाचवला. मी बोलली, साहेब, तुमाला घर वाचवाय कोनी सांगितला? माजा पोर तापानं फनफनला, आमी खाटेवर घालून भिवंडीला न्यायला निंगालो, वाटंतच गेला. घर घ्या माजा, पन दवाखाना हितंच करा. मंग तो बोलला, करतो."

म्हणजे तुम्ही तो कागद दुसऱ्यांदा खरवडलात, अण्णा. एकदा तिचं घर वाचवायला, आणि एकदा तिच्याच शब्दाखातर ते पुन्हा दवाखान्याखाली घालायला. आधीच खरवडून पातळ झालेला कागद तिथेच पुन्हा रेघा ओढताना फाटला असणार. तिथे बसल्या बसल्या मला रडू फुटलं. माझ्या मनावरचा भार उतरला म्हणून, की तुम्ही तो एकट्याने वाहिलात म्हणून, ते अजून कळत नाही. नगर झालं नाहीच. पण कागदावर ती जागा दवाखान्यासाठी राखीव राहिली, त्यामुळे तिच्या दुसऱ्या मुलाला वर्षानुवर्षं एक खोली वाढवता आली नाही. तरी तुमच्याबद्दल तिच्या बोलण्यात जरासुद्धा कडवटपणा नव्हता.

हे लिहून झालं की घडी करून माझ्या कपाटात ठेवणार आहे. फक्त एक तुम्हाला सांगायला हवं. निघताना तिने विचारलं, "साहेब बरा हाय ना?" मी म्हटलं, "बरे आहेत. गुडघे दुखतात थोडे." तिने माझा हात धरला. "त्याला एकदा घेऊन ये. मी बोंबील भाजीन." आणि मी हो म्हणून आले.