बॅटरीची तब्येत

१० जून, सोमवार
लॅपटॉपच्या बॅटरीचा रिपोर्ट काढला. तब्येत सत्त्याण्णव टक्के. तीन वर्षांचा लॅपटॉप! याला म्हणतात शिस्त. विसाच्या खाली उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायचं नाही, ऐंशीच्या वर जाऊ द्यायचं नाही.
विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आहे. शुक्रवारी साहेबांपुढे दोघांचं प्रेझेंटेशन, माझं आणि समोरच्या टेबलवरच्या बाईंचं. तिचा लॅपटॉप सदानकदा चार्जरला लटकलेला. मनातल्या मनात मी तिला वायरबाई म्हणतो. जिला एक वायर सोडवत नाही, तिला विभाग काय झेपणार?

११ जून
वायरबाईला अर्धा तास बॅटरीचं शास्त्र समजावलं. तिने विचारलं, तुमचं प्रेझेंटेशन झालं का? अडाणी माणसं अशीच विषय बदलतात.
बॅटरीचं नवीन ॲप टाकलं. चार्ज, तब्येत, तापमान, सगळं सतत दिसतं. प्रेझेंटेशन उद्या तयार करू.

१२ जून
कामाला बसलो तर बॅटरी एकवीस. चार्जिंगला लावता येईना, काम सुरू करावं तर मध्येच बंद पडायची भीती. ॲपकडे बघत बसलो. एकोणीसवर आली तेव्हा जेवणाची वेळ झाली. बायको म्हणाली, लाव की एकदाची ती वायर. नवऱ्याच्या करिअरचं हिला काही पडलेलंच नाही.

१३ जून
प्रेझेंटेशन तयार. विषय, शिस्तीतून नेतृत्व. पहिल्या बारा स्लाइड माझ्या बॅटरीवर. विभागाचं काय ते शेवटी.
बॅटरी शेहेचाळीस. बायको म्हणते, फुल चार्ज करून ने. हसलो नुसता.

१४ जून, सकाळी
बॅग जड लागली. बायकोने गुपचूप चार्जर कोंबला होता. काढून ठेवला.

१४ जून, दुपारी
वायरबाई आधी. आत गेल्या गेल्या सॉकेट शोधलं, वायर लावली, दहा मिनिटांत विषय संपवला. मांडणीला खोली म्हणून काही नाही. साहेब मान डोलावत होते. त्यांची कीव आली.
आत जाण्याआधी मी बाहेर तासभर ॲप बघत बसलो होतो, त्यामुळे तयारी चोख. नवव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात ‘तब्येत ९७ टक्के’ आलं आणि स्क्रीन काळी झाली. साहेबांनी विचारलं, हे याच लॅपटॉपबद्दल होतं का? वायरबाईने आपला चार्जर पुढे केला. मी घेतला नाही. बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नये. साहेबांनाही तसं स्पष्ट सांगितलं. ते घड्याळाकडे बघत होते.

१४ जून, संध्याकाळी
आज सर्वांत जास्त बॅटरी कुणी खाल्ली ते पाहिलं. बॅटरीच्या ॲपने.
तब्येत मात्र अजूनही सत्त्याण्णव. साहेबांना तत्त्वाची माणसं ओळखता येत असतील तर जागा माझीच.

१७ जून, सोमवार
वायरबाई विभागप्रमुख.
अभिनंदन केलं. राहवेना म्हणून तिच्या बॅटरीची तब्येत विचारली. ती म्हणाली, बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेली, वायरीशिवाय लॅपटॉप सुरूच होत नाही. म्हणूनच मी चार्जर कधी विसरत नाही.
मला आता टेबलावरचा जुना कॉम्प्युटर मिळणार. माझा लॅपटॉप तिला. बॅटरी उत्तम आहे, असं साहेबच म्हणाले.
फार लागलं मनाला. समोरच बसते ती. बसल्या बसल्या तिने माझ्या लॅपटॉपला वायर लावली. शंभर टक्के होऊन गेले, अजून काढलेली नाही.