थांब्याचा मालक

किंग्स्टन, ४ मार्च १९७३

चि. मर्लीन हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा नवरा बास गिटार उचलून मोरंट बेला घरी आल्याचं कळलं. असू दे. रागाने गेलेला माणूस समुद्राचं वारं खाऊन शहाणा होतो. पण त्याला एवढं विचार, की तबकडीवर माझं नाव काढून ‘संगीत : क्लोविस टलक’ छापा म्हणतो, ते कोणत्या तोंडाने? स्टुडिओ माझा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना काथ्या मी स्वतः ठोकला, सगळीकडे सारखा अंगठाभर जाड. रेडिओ दुरुस्त करता करता यंत्रं शिकलो. कुणाच्या शाळेत गेलो नाही. आणि या गावची रीतच आहे, टेप ज्याची, गाणं त्याचं.

लोक नाचता नाचता जिथे श्वास रोखतात, तो बासचा मधला थांबा तरी कुणाचा? मी काचेआडून हात वर केला म्हणून हा थांबला. नाहीतर वाजवतच बसला असता खुळा!

गाणं पुन्हा छापायचंय. लेबलाचा मजकूर शुक्रवारी छापखान्यात जाईल. त्याआधी त्याला समजावून धाड. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
व्हर्नल पिनॉक


मोरंट बे, ७ मार्च

ती. दादास मर्लीनचा सा. न.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा क्लोविस भाजलेलं ब्रेडफ्रूट सोलत होता. सुरी टाकून हसला. म्हणाला, तुझ्या भावाने हात वर केला तो डास मारायला. मला वाटलं, थांब म्हणतोय. डास निसटला, हात खाली आला, मी पुन्हा सुरू झालो. दादा, खरं सांग, डास होते की नव्हते?

पण हसू तेवढंच. काल रमच्या दुकानात तेच गाणं लागलं. हे माझं, असं याच्या तोंडून निघून गेलं. दुकानदाराने तबकडी काढून मोठ्याने वाचली आणि म्हणाला, तू व्हर्नल पिनॉक असशील तर मी इंग्लंडची राणी. सगळं दुकान हसलं. घरी येऊन त्याने गिटार खाटेखाली सारली. आता हात लावणार नाही म्हणतो, आणि तो बोलतो ते करतो.

तू दुरुस्त केलेला रेडिओ वाजू लागला की म्हणायचास, ऐकू येतंय ते माझ्यामुळे. गातोयही मीच, असं कधी म्हणाला नाहीस.

रागावलास तरी पत्र मात्र लिही.

तुझी मर्लीन


किंग्स्टन, १५ मार्च

चि. मर्लीन हिस आशीर्वाद.

डास होते.

पण हात माझाच होता, हे मी मरेपर्यंत म्हणणार.

तुझं पत्र आल्यावर जिरवायचीच म्हणून दुसरा वादक बसवला. सूर तेच, थांबाही मोजून तेवढाच. तुझी वहिनी दारातून ऐकून म्हणाली, हा माणूस घड्याळ बघून थांबतोय. ती टेप पुसून टाकली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. शुक्रवारी छापखान्यात स्वतः गेलो आणि खिळे जुळवणाऱ्याला नवा मजकूर दिला, ‘संगीत : क्लोविस टलक’. मनाशी ठरवलं होतं, एक अक्षर जरी चुकलं तरी सगळा गठ्ठा परत. नावात चूक मी कुणाचीच खपवून घेत नाही.

क्लोविसला म्हणावं, तारा गंजायच्या आत ये. तुम्हा दोघांची वाट पाहतो.

आज लेबलं आली. चष्मा लावून वाचली, भिंग लावून वाचली, दारात उन्हाला धरून वाचली. एकही अक्षर चुकलेलं नाही, मर्लीन.

तुझा दादा,
व्हर्नल