आठची गोळी

मंगळवार, १४ ऑक्टोबर
सकाळी साडेसात, रक्ततपासणीच्या खिडकीबाहेरचा बाक

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. ते द्यायचा हक्क मला राहिलाय की नाही, हे पत्र वाचून झाल्यावर तू ठरव. तुझे यजमान आणि लेक बरे असतील असं धरून चालतो. इकडे तुझी वहिनी ठणठणीत आहे, माझ्यावर ओरडायला लागतो तेवढा दम तिच्यात अजून आहे. माझ्या पायांवर सूज आहे. नडगीवर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि तो भरायला किती वेळ लागतो ते मी मोजत बसतो. काल चौदा सेकंद लागले. कारखान्यातली टाइमकीपरची नोकरी सुटली, खोड सुटत नाही.

खिडकी नऊला उघडते. मी नेहमीप्रमाणे दीड तास आधी येऊन बसलोय. इथे फिनेलचा वास, त्यात कुणाच्या तरी ओल्या मोज्यांचा वास. समोर एक गृहस्थ लघवीची बाटली पारदर्शक पिशवीत घालून सरबत आणल्यासारखी मांडीवर धरून बसलेत. पाच वर्षांत मला या सगळ्याचा इतका वीट आलाय की सांगता सोय नाही. रोज सकाळी प्लास्टिकच्या मगात आपलीच लघवी मोजायची, वहीत आकडा लिहायचा, मग विसळायचा. बहात्तराव्या वर्षी माणसाने हे करावं! पण तेही मी वेळेवर केलं. एक दिवस चुकवला नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तू लिहिलंस, ‘दादा, माझ्या किडनीने तुला दगा दिला. साठीतला माल, तो किती टिकणार? मला माफ कर. माझ्याकडे उरलेली दुसरी तरी कुठे धड असणार, म्हणून शिवणाचा वर्ग बंद केलाय. मशीनवर पाय ठेवायचीच भीती वाटते.’

ते वाचून मला ओकारी आली. बोलायची रीत म्हणून नाही सांगत, खरोखर आली. बेसिनपर्यंत कसाबसा पोचलो. वहिनी पाठीवर हात फिरवत म्हणाली, “क्रिएटिनिन वाढलं की होतं असं.” मी “हो” म्हणालो.

रविवारी घरात मंडळी जमली होती. समाचाराला येतात म्हणे. बिस्किटं चहात बुडवायची आणि माझ्या तोंडाकडे बघून ‘अजून तेज आहे हो’ म्हणायचं. औषधांनी सुजलेल्या तोंडाला ही माणसं तेज म्हणतात! आमचे चिरंजीव मध्ये बसून सगळ्यांना समजावत होते. त्यांचं ज्ञान म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. “मुळात आत्याची किडनीच जुनी होती. साठ वर्षं वापरलेली. डॉक्टरही तेच म्हणाले.”

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी समोर होतो. किडनीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा माझ्या शरीराने ती नाकारायला सुरुवात केल्याचं दिसलं. डॉक्टर बराच वेळ कागद उलटत राहिले. म्हणाले, “रक्तात औषध भरपूर दिसतंय. कमी असतं तर समजलं असतं. मग हे का झालं, नक्की सांगता येत नाही. देणाऱ्याचं वय होतं, तुमचंही आहे. सदुसष्टाव्या वर्षी बसवली, पाच वर्षं मिळाली. वयाच्या मानाने वाईट नाही.” वयाच्या मानाने! या शब्दांची मला शिसारी आहे. वयाच्या मानाने चालता, वयाच्या मानाने दिसता, आता वयाच्या मानाने मरा. पण त्यांनी तुला दोष दिला नव्हता. आमच्या बाब्याने एवढंच वाक्य उचललं आणि गावभर फिरवलं.

आणि मी तिथेच आरामखुर्चीत बसलो होतो. एकाने तर विचारलंही, “काय हो, बहिणीने दिली म्हणून आधी तपासली नव्हती का नीट?” सगळे हसले. मीही हसलो, भिंगरी.

बाहेर एक बाई मोठ्याने फोनवर बोलतेय, तिच्या मांजराला जुलाब झालेत हे सगळ्या इमारतीला कळलं. आठला सहा मिनिटं कमी आहेत. मी इकडचं तिकडचं लिहितोय हे तुला कळलं असेलच. लहानपणी बरणी फोडली की मी आधी हवापाण्याचं बोलायचो, तेव्हाही तूच ओळखायचीस.

आठ वाजले.

हात आपोआप खिशात गेला. गोळीची डबी काढली, उघडली, बंद केली. पाच वर्षांत आठला गोळी पोटात नाही असं आज पहिल्यांदा होतंय. अक्षर बिघडलं तर समजून घे.

तुला माहीत आहे, ही गोळी शरीराला परकी किडनी हाकलू देत नाही. सकाळी आठ, रात्री आठ. तपासणीच्या दिवशी मात्र आधी रक्त द्यायचं, मग गोळी. म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीचं रक्तात किती उरलंय ते कळतं. पहिली तीन वर्षं खिडकी साडेसातला उघडायची. पावणेआठला रक्त, आठला गोळी, कसं चोख. मग त्यांनी वेळ बदलून नऊ केली. नर्स म्हणाली, “काका, गोळी डबीत आणा, रक्त दिलं की घ्या. तासभर उशीर झाला तर काही होत नाही.”

काही होत नाही! एकतीस वर्षं मी गेटवर हेच ऐकलं. “साहेब, तीनच मिनिटं.” तीन मिनिटांसाठी मी माणसं उन्हात उभी केलीत. तो मी बहिणीची किडनी तासभर उपाशी ठेवू? पहिल्याच खेपेला याच बाकावर बसून मी आठच्या ठोक्याला गोळी घेतली आणि खिडकीतल्या मुलीला खरं सांगितलं. तिने मान वर न करता म्हटलं, “मग आज नाही घेता येणार. उद्या या.” मागे रांग होती. लोक बघत होते. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना परत पाठवलं त्याला एका पोरीने परत पाठवलं. माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आठला गोळी घेतली. तिने विचारलं, “गोळी घेतली नाही ना?” मी म्हणालो, “नाही.”

त्यानंतर दोन वर्षांत बारा वेळा म्हणालो. वहीत पाहिलं काल.

नुकतीच गोळी घेतलेली असेल तर रक्तात औषध खूप दिसणारच. डॉक्टरांना वाटलं, जास्त होतंय. त्यांनी गोळी कमी केली. मग आणखी कमी केली. तिसऱ्यांदाही केली. आणि मी तुला फोन करून काय सांगितलं आठवतं? “बघ, तुझी किडनी किती गुणी! गोळ्या निम्म्यावर आल्या.” तू खूश होऊन यजमानांना हाका मारल्यास, ते फोनवर मला ऐकू आलं.

खरं तर औषध कमी पडत होतं आणि माझं शरीर आत तिला कुरतडत होतं. तुझी किडनी गुणीच होती. तिला मी मारलं. माझ्या घड्याळाने मारलं.

हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं, याच बाकावर. शेजारी एक बेकरीवाला बसतो. त्याला अडुसष्टाव्या वर्षी किडनी बसली, त्याच्या मोठ्या बहिणीची, तुझ्याहून म्हातारी. नऊ वर्षं झाली, अजून पहाटे पीठ मळतो. आठ वाजता मी गोळी तोंडात टाकलेली त्याने पाहिली. “अहो, हे काय करता? आता आकडा फुगणार तुमचा. डॉक्टर फसतील ना!” आणि हसला. त्याला वाटलं, मी आजच विसरलो.

तीन आठवडे, भिंगरी. त्याच दिवशी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. आधी स्वतःला म्हटलं, बेकरीवाल्याला काय कळतं. मग म्हटलं, आता सांगून काय उपयोग, दूध सांडून गेलं. खरं कारण एवढंच की मी चुकलो हे कुणाला कळायला नको होतं. माझी वही निर्दोष राहायला हवी होती. त्यासाठी तुझ्यावर खापर फुटत होतं ते मी फुटू दिलं. लघवीचा मग, फिनेलचा वास, ती माणसं, त्यांची बिस्किटं, सगळ्यांची किळस केली मी. खरी घाण आरामखुर्चीत बसली होती.

तुझी लेक तेव्हा म्हणाली होती, “मामांचं वय झालंय, माझ्या आईला कशाला कापता?” तेव्हापासून पाच वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. तिला हे पत्र वाचून दाखव. पूर्ण.

ऑगस्टमध्ये तुझ्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या, तूच कळवलं होतंस. उरलेली किडनी धड आहे. मशीनवरचं कापड काढ, वर्ग सुरू कर. हे मी दादा म्हणून सांगत नाही, तेवढं तोंड मला नाही. गुन्हेगाराची साक्ष म्हणून घे.

माझं काय होईल माहीत नाही. खरा आकडा कळला तर डॉक्टर गोळ्या वाढवतील, थोडं वाचेल किंवा वाचणार नाही. मग आठवड्यातून तीनदा रक्त धुवायचं मशीन. ते माझं मी बघेन. चिरंजीव आपली किडनी देतो म्हणतात. मी नाही म्हणून सांगितलंय. माझ्या हातात आणखी कुणाचा अवयव देऊ नये.

आठ चाळीस झाले. गोळी डबीतच आहे. खिडकीतली मुलगी आली, केस बांधतेय. थोड्या वेळाने ती विचारेल, “गोळी घेतली नाही ना?” मी तेच उत्तर देईन, आज पहिल्यांदा खरं. तिथून डॉक्टरांकडे जाईन, मग घरी जाऊन वहिनीला आणि चिरंजीवांना समोर बसवून सांगेन. येत्या रविवारी मंडळी जमतील, त्यांनाही सांगेन, बिस्किटं देण्याआधी. पत्र मात्र आत्ताच, आत जायच्या आधी, दारातल्या टपालपेटीत टाकतो. नंतर टाकीन म्हटलं तर मी काय करेन, याचा मला भरवसा नाही.

माफी मागत नाही. तू माझी मागितलीस, ती मात्र परत घे. पाया पडतो.

चाळीस मिनिटं आणि दोन वर्षं उशिरा आलेला,
तुझा दादा