वाघरीतून गेलेला गोल

आये, तुझी मेंढरं कोंडायची वाघर मी फुटबॉलला लावली. तू असतीस तर आधी कपाळावर हात मारला असतास आणि मग विचारलं असतंस, फुटबॉल म्हंजी कंचं जनावर. सांगते. मैदानाच्या दोन्ही टोकांना लोखंडी चौकटी रोवल्यात. पायानं चेंडू मारत न्यायचा आणि समोरच्यांच्या चौकटीत घालायचा, आणि एक जण चौकटीत उभा राहून तो अडवतो. आमच्याकडं तो एक जण म्हणजे माझी नात. चौदा वर्षांची आहे. अर्धी चड्डी घालते, हातात मोजे चढवते, पाय फाकून उभी राहते आणि चेंडू आला की मातीत आडवी पडते. मातीत लोळली म्हणून तिला कोणी रागवत नाही, उलट माणसं टाळ्या वाजवतात! मी बांधावर बसून सगळ्यांत जोरात वाजवते, आणि आतून जळते. खरं सांगते, सवतीवर बाई जळत नसेल एवढी मी त्या पोरीवर जळते. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, सामन्याआधी खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधतो. माझ्या पायातला काटा काढायलासुद्धा माझ्या बापाला सवड झाली नव्हती. तूच दाभणानं काढायचीस, आणि वर पाठीत एक धपाटा.

तर वाघरीचं. गावात फुटबॉलचा क्लब एकच होता. आमच्या भागातल्या पुढाऱ्यानं जाळ्या दिल्या, टी-शर्ट दिले, टी-शर्टावर स्वतःचा हसरा फोटो. मग तिकडं वर पक्ष फुटला. तुझ्या वेळी बरं होतं, एक चिन्ह माहीत, डोळे झाकून शिक्का मारायचीस. आता चिन्ह कोणाचं ह्याचं भांडण दिल्लीपर्यंत गेलं, आणि तिथला निकाल लागायच्या आत आमचा क्लबही फुटला. अर्धे ह्या साहेबांकडं, अर्धे त्या साहेबांकडं. नाव दोघांनीही तेच ठेवलं, फक्त एकानं पुढं ‘मूळ’ लावलं आणि दुसऱ्यानं ‘खरा’. लेक मूळवाला, म्हणून नातही मूळ. खरेवाल्यांनी जाळ्या सोडून नेल्या, आमच्या साहेबांनी दिल्यात म्हणून. चौकटी सिमेंटात होत्या म्हणून राहिल्या, नाहीतर त्याही ट्रॉलीत घातल्या असत्या.

पुण्याहून पंच येणार होता, त्यानं फोनवरच सांगितलं, जाळी नसेल तर सामना नाही. लेकानं डिंभ्याहून धरणावरची मासे धरायची जुनी जाळी आणली. पहिल्या लाथेला चेंडू तिच्यात गुरफटला, दुसरीला टरकन फाटली, आणि मैदानभर असा वास की पोरी नाक धरून पळाल्या. तेव्हा मी म्हणाले, “दोर आण, मी विणते.”

लेक हसायला लागला. “आई, तुला फुटबॉलमधलं काय कळतंय?”

“मला मेंढरं कोंडायचं कळतंय. चेंडू मेंढरापेक्षा शाना हाय का?”

नारायणगावच्या बाजारातून दोर आला. अंगणात पाय पसरून बसले, आणि काय सांगू आये, बोटं आपोआप चालायला लागली. मेंढरं विकली त्याला किती वर्षं झाली, पण तुझी गाठ विसरले नव्हते. तू दोन मापं शिकवली होतीस. कोकरांच्या वाघरीला गाठींमधलं घर चार बोटांचं, थोरल्या मेंढरांच्या वाघरीला एक वीत आणि वर दोन बोटं. मी थोरलं माप धरलं. एवढा दांडगा चेंडू, त्याला कोकराची बारीक वीण कशाला? आणि उरकायचंही होतं, सामना परवावर आला होता. नात शेजारी बसून बघायची. “आज्जे, मला पण शिकव ना गाठ.” मी शिकवली नाही. म्हटलं, मोजे तुझे, बूट तुझे, टाळ्या तुझ्या, एवढं एक माझ्याकडं राहू दे.

सामना मूळ विरुद्ध खरा. लोकसभेची निवडणूक तोंडावर, त्यामुळे दोन्ही साहेब आले होते, मधे एक खुर्ची रिकामी सोडून बसले. वारूळवाडीपासून माणूस लोटलेला, खोडदच्या दुर्बिणीवर नोकरी करणारी पँटवाली माणसंही उभी होती. आमच्या साहेबांनी लेकाला तालुक्याचं पद कबूल केलेलं. सकाळी चहा पिताना लेक पोरीला म्हणाला, “आज सायबांच्या देखत हरायचं न्हाई. हरलीस तर माझं पद गेलं, आन् तुझं खेळणं बी.” पोरीनं चहाचा कप ठेवला आणि मोजे शोधायला गेली. मी जाळीच्या मागं पोतं टाकून बसले होते. नातीला बघायला असं सगळ्यांना सांगितलं, खरं म्हणजे माझं विणकाम बघायला.

शेवटपर्यंत कोणाचाच गोल नाही. मग खरेवाल्यांच्या एका पोरीनं असा चेंडू हाणला की नात झेपावली तरी तिच्या बोटांवरून गेला, आडव्या दांड्याच्या खालून आत आला, आणि आये, माझ्या वाघरीच्या एका घरातून सुळकन बाहेर! माझ्या गुडघ्याशेजारून घरंगळत मागच्या कोबीत गेला. पंच लांब होता. त्याला चेंडू कोबीत दिसला, मग आतून गेला का बाहेरून, काय कळणार? झाला गोंधळ सुरू. लेक जाळी हातानं ताणून ओरडायला लागला, “जाळी शाबूत हाय! भोक दाखवा, भोक!”

“आरं मूळवाल्यांनो, ही जाळी न्हाई, नुसती भोकंच हायेत! हत्ती जाईल ह्यातनं!”

“घरी जाऊन तुमच्या सायबाला इचारा, चेंडू कंचा आन् भोपळा कंचा!”

साहेब लोकही उठून उभे राहिले. पंच नातीकडं आला. म्हणाला, “बाळ, तू जवळ होतीस. कुठून गेला?” लेकानं तिच्याकडं बघितलं. मला ते बघणं लांबूनसुद्धा ओळखू आलं.

“आतून गेला, सर. गोल झाला.”

“काय बोलतीस कळतंय का तुला?” लेक म्हणाला.

“कळतंय, पप्पा. अडवायला मीच व्हते ना.”

हरलो. आमचे साहेब चहा न पिता गाडीत बसले आणि पद दुसऱ्याला गेलं. पाचव्या दिवशी खरेवाल्यांच्या पोरी दारात. “काका, तिला पाठवा, आमच्याकडं गोलकीपर चांगली न्हाई.” लेकानं मोबाईलमधून मान वर काढली नाही. तसाच म्हणाला, “जा.” मी आत जाऊन तोंडाला पदर लावून हसले.

पण त्या दिवसापासून मला झोप नीट नाही. तुला आठवतं का, घोडनदीच्या काठी आपला मुक्काम होता, मी दहा-अकराची. दादानं कोकरांच्या वाघरीचा कोपरा बांधला नाही आणि नदीत पोहायला पळाला. भर दुपारी कोकरं कांद्याच्या रोपात शिरली. शेताचा मालक चार माणसं घेऊन आला, आणि कोपरा बांधायचं काम आत्याचं म्हणून सगळे आत्याला बोलले. नवरा मेलेली, आपल्यात राहणारी, तिची बाजू कोण घेणार? मालकानं मला विचारलं, “पोरी, तू हितंच व्हतीस. कोनी सोडला कोपरा?” तू भाकरी थापत होतीस. तू थांबलीस, परातीत हात तसाच, आणि माझ्याकडं बघितलंस. मी म्हणाले, “म्या न्हाई बगितलं.” दुसऱ्या दिवशी आत्या बोचकं उचलून गेली ती परत आली नाही. तू मला भाकरीवर गुळाचा मोठा खडा दिलास. दादाच्या खड्यापेक्षा मोठा. मी तो खाल्ला, आणि गोड लागला, हेही सांगते.

म्हणून म्हणते, मोजे-बूट राहू दे बाजूला. मला त्या पोरीच्या ‘आतून गेला’ ह्या दोन शब्दांचा हेवा वाटतो. कुठून आणले तिनं? मी दिले नाहीत, माझ्याकडं नव्हतेच. तिचा बाप समोर होता तरी तिला भीती वाटली नाही, किंवा वाटली असेल आणि तरी ती बोलली. म्हातारपणी नातीचं कौतुक करावं माणसानं, आणि मी करतेच, गावभर सांगत फिरते. सांगून घरी आले की परत जळते.

दुसरीपर्यंत शिकले तेवढ्यावर हे तिच्या जुन्या वहीत लिहितेय. पोस्टात टाकायला तुझा पत्ता नाही, आणि घरात कोणाला वाचू द्यायचं नाही, तिला तर नाहीच. कारण पंच तिच्याकडं गेला त्याआधी माझ्याकडं आला होता. म्हणाला, “आजी, तुम्ही मागंच बसला होता, तुम्ही सांगा.” मी म्हणाले, डोळ्यांवर ऊन आलं व्हतं, बाबा. ऊन माझ्या पाठीमागं होतं, आये.