ही माझी न्हाई

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, आता माझ्या कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेत. एवढ्या वर्षांनी तुमच्याशी बोलायला बसले आहे, कारण आज आमच्या वॉर्डात एका माणसानं आपल्या पोरीला ओळखलं नाही.

आधी त्या गोणपाटाचं बोलू. कपाशीवर फवारणी होती आणि पाठीवरचा पंप गळत होता. आई म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या, सेनगावहून पंपाचं वायसर आणा आन् मंग फवारा." तुमचं उत्तर ठरलेलं, "काई होत न्हाई." पाठ भिजू नये म्हणून तुम्ही पंपाखाली गोणपाट बांधलं. आपल्याकडं सगळेच बांधायचे, अजूनही बांधतात. त्या गोणपाटानं औषध अडवलं नाही, ते सगळं पिऊन घेतलं आणि दिवसभर तुमच्या अंगाला चिकटून बसलं. आईचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, हा राग माझा अजून गेलेला नाही. दिवस कलताना तुम्ही बांधावर बसलात ते उठलाच नाहीत. तोंडातून लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. जीपमध्ये तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि तुम्ही मलाच धीर देत होता, "भिऊ नको, माय."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तुमचे हात खाटेला बांधलेले होते. बाहुल्या मोठ्या झालेल्या, ओठ सुकलेले, बोटं चादरीवरून कापूस वेचून राहिलेली. मी ओला बोळा ओठांना लावायला वाकले तर तुम्ही तोंड फिरवलं. "कोन हाय ही पोरगी? भायेर काढा हिला. ही माझी न्हाई." काका तिथंच उभे होते. ते आईला म्हणाले, "मानसाच्या पोटात आसतं तेच आशा वक्ताला ओठावर येतं, वैनी." त्यानंतर तुम्ही शुद्धीवर आलाच नाहीत. श्वास थांबला, आणि तुमचं शेवटचं बोलणं म्हणून तेवढंच माझ्या वाट्याला आलं. मी कितीतरी वर्षं आरशात तुमचं नाक शोधायचे. आईला विचारायची सोय नव्हती, तिचं दुःख तिला पुरून उरलं होतं.

नर्सिंगला गेले तेव्हा एका तासाला बाईंनी मेंदूच्या कुंपणाचं शिकवलं. रक्त अंगभर फिरतं, पण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगून असतात की रक्तातलं भलतंसलतं पलीकडं जाऊच शकत नाही. साखर, प्राणवायू अशा कामाच्या गोष्टींना तेवढी वाट मिळते. पण तेलात विरघळणारं काही आलं, की ते या कुंपणातून सहज पार होतं. फवारणीचं विष तसंच आहे. आणि ते उतरवायला जे इंजेक्शन देतात, तेही पलीकडं जातं. द्यावं तर लागतंच, त्यावाचून छाती पाण्यानं भरून माणूस जातो. पण जास्त झालं की बाहुल्या विस्फारतात, तोंड सुकतं, बोटं हवेत काहीबाही वेचू लागतात आणि माणसाला आपलं-परकं कळेनासं होतं. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि मी बाकावर बसून ढसाढसा रडत होते. सगळ्यांना वाटलं, हिला घरची आठवण आली.

आजचा माणूसही फवारणीचाच. त्यानं पोरीला "चोरटी" म्हणून हाकललं. पोरीची आजी पदर डोळ्याला लावून म्हणाली, "काहून गं बाई असं बोलून राह्यला? मनात व्हतं का काय याच्या?" मी तिथंच आडवी आले. म्हटलं, "आजी, हे इंजेक्शन बोलून राह्यलंय, तुमचा लेक न्हाई." मग पोरीला खुर्चीवर बसवून कुंपणाचं सगळं सांगितलं, तिला समजेल असं. डॉक्टरांनी औषध कमी केलं. दुपार उलटता उलटता त्यानं डोळे उघडले आणि पहिल्यांदा तिलाच विचारलं, "जेवलीस का, बाई?" ती त्याच्या हाताला धरून हसायला लागली. मी बरं वाटल्याचं दाखवलं आणि औषधाच्या खोलीत जाऊन उगीच बाटल्या पुसत बसले. बरं वाटलंच होतं, आबा. हेवाही वाटला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. कुंपणाचं मला पटलंय, आणि ड्यूटीवर असताना पूर्ण पटलेलं असतं. पण त्या पोरीला सांगताना एक गोष्ट मी गिळली. आईलाही ती कधी बोलले नाही. मला "माझी न्हाई" म्हणालात, त्याच बडबडीत तुम्ही बैलांना हाका मारत होता, दोघांनाही, बराबर त्यांच्या नावानं.