गटारावरची खुर्ची

अगं, जेवायला थांबू नकोस. कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण परत चोरीला गेलंय. आमच्या नगरपालिकेच्या ऑफिसात फोन केला, तर माझ्याच खात्यातला पोरगा म्हणतो, "काका, सुट्टी आहे ना तुमची? मग आराम करा." म्हणून आपली स्वयंपाकघरातली खुर्ची लाल फडकं बांधून तिथे ठेवली. ठेवत होतो तेव्हा चिरंजीव गाडी वळवून पुढे गेले, हॉर्न तेवढा वाजवला. पाणी प्यायला घरी आलो, तेवढ्यात खुर्चीही गेली. फडकं तेवढं सोडून तिथेच टाकलंय. समोरच्या दुकानदाराने नेताना बघितलं, पण त्याला काय पडलंय. शाळा सुटायची वेळ झाली, आता मीच फडकं घेऊन उभा राहतो. खुर्ची गेली म्हणून मला बोलायचं असेल तर तिथेच ये, पण खाली बघत ये.