काकूचा पाहुणा काय खातो

राणीसावरगाव,
मार्गशीर्ष, १९७४

तीर्थरूप दत्तदादा यांस, धाकटा चुलतभाऊ चंद्रभान याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली तुम्ही कळवत नाही, म्हणून ती आम्ही आपली गृहीत धरतो. भुसावळला रेल्वेत माणूस वरच्या हुद्द्यावर चढला की त्याला शाई परवडत नसावी. असो.

पत्रास कारण की, पावसाळ्यात धुरपताकाकूकडे (म्हणजे तुमच्या मातोश्रींकडे, ओळख असावी) एक पाहुणा आला. वीतभर अंग, लांबडं नाक, पाठभर काटे. जवळ गेलं की फुसफुस करून चेंडू होतो. शाळेतल्या पुस्तकात त्याला जाहक म्हटलंय. काकू पाहुणाच म्हणते. दारी आलेला जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा तिचा नेम तुम्ही विसरला नसाल. आपण दोघं भुकेनं कळवळत दाराआड उभे राहायचो आणि पाहुणा नेमका शेवटचा पापड उचलायचा. केवढा राग यायचा तेव्हा. आता मात्र ते दार, तव्यावरच्या भाकरीचा वास आणि (खोटं कशाला बोलू) तुमच्या कोपराच्या ढुशासुद्धा फार आठवतात.

तर नेम या पाहुण्यालाही लागू झाला. गळ्यात माळ असलेल्या घरी त्याला काय मिळणार? दूधभाकरी. त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं. वरणभात, शेंगदाण्याचा कूट, एकादशीला भगर, कशालाच शिवेना. काकूला वाटलं, कुणी कडक उपवासाचा साधू आलाय. साधू उपाशी म्हणून काकू उपाशी. तुम्ही गेल्यापासून तिचं जेवण तसंही चिमणीएवढं राहिलंय, आता तेही बंद. मला धास्तीच बसली.

दिवेलागणीला मी साधूच्या मागावर गोठ्यात गेलो. महाराज शेणाच्या ढिगाखाली नाक खुपसून काळे भुंगे कुडुमकुडुम खात होते. मग वाळवी, मग एक गोगलगाय, आणि शेवटी जिवंत विंचू, तोही नांगीसकट. काकूला सांगून उपयोग नव्हता. किडे ती वाढणार नाही आणि पाहुण्याला वाढल्याशिवाय जेवणार नाही. तेव्हा मीच, गावचा मास्तर, चुलीजवळचा चिमटा घेऊन रोज संध्याकाळी शेण उकरू लागलो. भुंगे काल्याखाली दडवायचे, पाहुणा भाकरी उधळून ते मटकावायचा, आणि काकू "जेवलं बाई लेकरू" म्हणत स्वतःचं ताट वाढून घ्यायची. एकदा शेजारच्या सटवाजीनं हटकलंच, "मास्तर, काय हुडकायलाव?" अंगठी, म्हणालो. झालं, अर्धी गल्ली शेण उकरायला धावली. (अंगठी नव्हतीच, ती कुठून सापडणार? भुंगे मात्र त्या दिवशी भरपूर मिळाले.)

थंडी पडल्यापासून पाहुणा कडब्याखालच्या बिळात शिरलाय, तो बाहेरच येत नाही. खायला किडे कमी झाले की हे प्राणी असेच पडून राहतात म्हणे. काकू ताट घेऊन कडब्यापाशी बसते आणि तसंच परत आणते. बाकी ठीक. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
चंद्रभान

ता. क. रेल्वेवाल्यांना फुकट पास मिळतो असं ऐकून आहे. गंगाखेडला उतरा, मी बैलगाडी घेऊन येतो. इतक्या वर्षांनी येणारा घरचा माणूसही पाहुणाच की. काकूसमोर बसून चार घास खा, म्हणजे तीही खाईल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र आमच्या सौ. कुसुमला वाचून दाखवलं. ती हसली आणि मग डोळे पुसू लागली. काकूला भुंग्यांचं पहिल्यापासून ठाऊक होतं म्हणे. कुसुमला ती म्हणाली होती, "चंद्या माझ्या घासापायी शेणात हात घालायलाय, मग मी कसं न्हाई म्हणू?" भुंग्यांच्या वासानं तरी पाहुणा बाहेर येईल म्हणून काल मी चिमटा घेऊन निघालो तर काकूनं माझा हात धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाबा, आता भूकच न्हाई." दादा, ती आता माझं ऐकत नाही. तुम्ही या.